डॉक्सना बाहेरचं दार

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतल्या ३० अँटेनांचा डेटा चाळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मी पुण्यात बसून लहानसहान प्रोग्रॅम लिहितो. मुलं भौतिकशास्त्रातली, पायथन जमेल तसं शिकलेली. आमच्या डॉक्समध्ये अनोळखी नाव दिसलं की अडतात. त्यातून हाती लागलेलं थोडं:

१. स्टँडर्ड लायब्ररीची माहिती आपल्या डॉक्समध्ये उतरवून काढू नका. ती लिहिणारे आपल्यापेक्षा बरं लिहितात. डॉक्स तयार करणाऱ्या स्फिंक्समध्ये दुसऱ्यांच्या डॉक्सना लिंक जोडणारं इंटरस्फिंक्स चालू करायचं, मॅपिंगमध्ये पायथनच्या डॉक्सचा पत्ता द्यायचा, झालं. अ‍ॅस्ट्रोपायच्या पानावरून नमपायच्या अ‍ॅरेवर क्लिक केलं की थेट नमपायच्या घरी पोचतो, ते याच वाटेनं.

२. इंटरस्फिंक्स ज्यातून नावांचे पत्ते शोधतो ती ऑब्जेक्ट्स डॉट आयएनव्ही ही फाइल एकदा उघडून बघाच. पहिल्या चार ओळी वाचता येतात: फॉरमॅटची आवृत्ती, प्रोजेक्टचं नाव, त्याची आवृत्ती आणि पुढचं सगळं झेडलिबनं दाबलंय अशी सूचना. खाली नुसती अगम्य चिन्हं. पण टर्मिनलवरून इंटरस्फिंक्सलाच ही फाइल दिली की तो अख्खी यादी छापतो. नाव, ते क्लास आहे की फंक्शन, आणि कुठल्या पानावर. यादीत ‘पाथलिब डॉट पाथ’ आहे, म्हणून नुसतं ‘पाथ’ लिहून भागत नाही. ‘लिंक लागत नाही’ या तक्रारी बहुतेक इथेच मिटतात.

३. आवृत्ती बांधून टाका. पायथन डॉक्सचा नुसत्या ३ वर संपणारा पत्ता कायम ताज्या आवृत्तीकडे नेतो. जुन्या कोडमध्ये एसिंककोर या मॉड्यूलचा डिस्पॅचर हमखास सापडतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पायथन ३.१२ आलं आणि एसिंककोर स्टँडर्ड लायब्ररीतून गेलं. कोड ३.११ वर सुखानं चालतोय, पण पुढच्या बिल्डला लिंक गळते. तीही गुपचूप: नाव जागेवर, फक्त क्लिक होत नाही. पत्त्यात ३.११ लिहा. शिवाय न लागलेल्या लिंकवर वॉर्निंग देणारी स्फिंक्सची निटपिकी सेटिंग चालू ठेवा आणि वॉर्निंगला एरर धरणारा पर्याय लावा, म्हणजे बिल्डच अडेल. सहकारी वैतागतात. वैतागू द्यावं.

४. सी प्लस प्लसच्या डॉक्सना स्फिंक्सऐवजी डॉक्सिजन. सीपीपीरेफरन्स ही साइट आपल्या पानांची टॅगफाइल, म्हणजे तशीच नावांची यादी, देते. ती सेटिंगमध्ये बसवली की व्हेक्टर, मॅप सगळं तिकडे जोडलं जातं.

५. बिल्डच्या मशीनला इंटरनेट नसेल तर मॅपिंगच्या दुसऱ्या जागी उतरवून ठेवलेल्या यादीची फाइल द्या. बिल्ड होतो. मात्र वाचणाराही त्याच बंद नेटवर्कवर असेल तर या लिंक त्याच्या काय कामाच्या? पायथनचे डॉक्स झिपमध्ये मिळतात. ते आतल्या सर्व्हरवर ठेवा आणि पत्ताही तोच द्या. यादी आणि पानं एकाच वेळी बदला. एक नवं, एक जुनं राहिलं तर निटपिकी काही बोलत नाही, बिल्ड हिरवा होतो आणि क्लिक केल्यावर ४०४.