जेव्हीएम एकाचं, क्लास लायब्ररी दुसऱ्याची

प्रश्न : जावाचं व्हर्च्युअल मशीन एका प्रकल्पाचं आणि क्लास लायब्ररी दुसऱ्याच प्रकल्पाची, अशी जोडी जमवता येते का? लायब्ररीच्या फाइलचा पत्ता दिला की भागतं का?

उत्तर : जोडी जमते, पण नुसत्या पत्त्यावर भागत नाही. पत्ता देणं हे त्यातलं सोपं काम. जॅमव्हीएम सुरू करताना बूट क्लासपाथमध्ये ग्नू क्लासपाथची ‘ग्लिबजे.झिप’ दाखवली, की स्ट्रिंग, थ्रेड वगैरे क्लास कुठून उचलायचे ते त्याला कळतं.

खरी मेख पुढे आहे. ‘सिस्टिम.अ‍ॅरेकॉपी’ ही मेथड घ्या. ती असते लायब्ररीत, पण काम करावं लागतं व्हीएमला. अ‍ॅरे मेमरीत कसा मांडलाय हे त्यालाच ठाऊक. हे काम व्हीएमकडे कसं सोपवायचं, याचा नियम जेव्हीएमच्या स्पेसिफिकेशनमध्ये नाही. त्यामुळे प्रत्येक लायब्ररीची रीत निराळी.

ग्नू क्लासपाथमध्ये असं काम ‘व्हीएमसिस्टिम’, ‘व्हीएमथ्रेड’ अशा मोजक्या क्लासकडे सोपवलेलं असतं. व्हीएम लिहिणाऱ्यानं तेवढे आपल्या व्हीएमला बेतून घ्यायचे, बाकी लायब्ररी जवळपास जशीच्या तशी वापरायची. सनची लायब्ररी मुक्त नव्हती त्या काळात काफे, सेबलव्हीएम, जॅमव्हीएम अशा अनेकांना ही एकच लायब्ररी वापरता आली, ती या सोयीमुळे. ओपनजेडीकेची लायब्ररी मात्र व्हीएमकडून ‘जेव्हीएम_अ‍ॅरेकॉपी’सारखी ठरावीक नावांची सी फंक्शन मागते.

फंक्शन जुळली तरी एक अडचण उरते. व्हीएमला काही क्लासची आतली रचनाही माहीत असावी लागते. जावा 8 पर्यंत स्ट्रिंगमध्ये ‘कॅर’चा अ‍ॅरे होता, 2017 मध्ये आलेल्या जावा 9 पासून बाइटचा अ‍ॅरे आणि एन्कोडिंगची खूण आहे. जुनी रचना धरून चालणाऱ्या व्हीएमला नवी लायब्ररी दिली, तर तुमच्या ‘मेन’ची पाळी येण्याआधीच सगळं कोलमडतं. अशा वेळी धड एक्सेप्शन मिळेल याचीही खात्री नाही, कारण ‘थ्रोएबल’ क्लासही त्याच लायब्ररीतून यायचा असतो!

तेव्हा प्रयोग करायचाच, तर व्हीएमच्या माहितीपत्रात लायब्ररीची जी आवृत्ती सांगितली असेल, नेमकी तीच घ्या. पहिल्यांदा चालवताना ‘व्हर्बोज:क्लास’ हा पर्याय लावा. कोणकोणते क्लास लोड झाले ते ओळीनं दिसतं. यादी जिथे थांबली, तिथूनच शोध सुरू करा.