संदेश किती वेळ खोळंबला?

मोबाईलवर बोलताना पुढील अनुभव तुम्हांला आला असेल. तुम्ही प्रश्न विचारता, पलीकडून उत्तर येत नाही. म्हणून तुम्ही पुन्हा बोलू लागता आणि त्याच क्षणी पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या कानांवर येते. दोघेही थांबतात, मग दोघेही एकदम बोलतात! आवाज स्पष्ट असतो, पण उशिरा पोचतो. हा उशीर होतो कोठे आणि तो मोजतात कसा, हे आज पाहू.

अंतराचा दोष किती?

मुंबईहून दिल्लीला जाणारी काचतंतूची वाट १,४०० किलोमीटर लांब आहे असे समजा. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे या प्रवासाला १,४०० ÷ २,००,००० = ०.००७ सेकंद, म्हणजेच ७ मिलिसेकंद लागतील. (१ सेकंद = १,००० मिलिसेकंद.) मनोऱ्यापासून तुमच्या हातातील फोनपर्यंत बिनतारी लहरी तर सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर वेगाने येतात. संभाषणात एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांपर्यंत असला तर तो बहुतेकांना जाणवत नाही. मग अंतरामुळे फक्त ७ मिलिसेकंद जात असताना बोलणे अडखळते का? कारण संदेशाचा बराचसा वेळ धावण्यात जात नाही, रांगेत उभे राहण्यात जातो.

रांगेचे गणित

तुमचे बोलणे सलग जात नाही. दर २० मिलिसेकंदांच्या बोलण्याचे एक पाकीट, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटे तयार होतात. एकाच मनोऱ्याशी अनेक फोन जोडलेले असल्यामुळे या पाकिटांना आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते.

समजा, मनोरा सरासरीने सेकंदाला १,००० पाकिटे हाताळू शकतो. पाकिटे अनियमितपणे येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त असतो, असे धरले तर एक सोपे सूत्र मिळते :

सरासरी विलंब = १ ÷ (क्षमता − आवक)

आवक सेकंदाला ५०० असेल तर विलंब १ ÷ ५०० सेकंद, म्हणजे २ मिलिसेकंद. आवक ९०० झाली की तो १० मिलिसेकंद होतो आणि ९९० झाली की १०० मिलिसेकंद! गंमत पाहा : ५०० वरून ९०० पर्यंत आवक वाढली तेव्हा विलंब पाचपट झाला. नंतर आवक केवळ दहा टक्क्यांनी वाढली आणि विलंब दहापट झाला. जत्रेत किंवा सामन्याच्या वेळी मोबाईल एकाएकी रखडतो तो यामुळेच. टेलिफोनच्या रांगांचे असे गणित डेन्मार्कच्या ए. के. एर्लांग यांनी १९०९ साली मांडले. त्यावर उभे राहिलेले शास्त्र आज मोबाईलच्या कामी येते.

फोन वर्दी देतो

मनोऱ्याकडून फोनकडे जाणारी रांग मनोऱ्याला दिसते. पण फोनमधून निघायची पाकिटे फोनमध्येच थांबलेली असतात. ती मनोऱ्याला कशी कळणार? शिवाय सगळे फोन एकदम पाठवू लागले तर लहरींचा गोंधळ उडेल. म्हणून शिस्त अशी आहे : फोन प्रथम 'मला काही पाठवायचे आहे' अशी छोटी खूण करतो. मनोरा त्याला थोडी जागा देतो. त्या जागेत फोन 'माझ्याकडे इतका माल साठला आहे' अशी वर्दी देतो. मग मनोरा पुरेशी जागा वाटून देतो.

ही वर्दीही बिनतारी जागाच खाते, म्हणून ती अगदी त्रोटक ठेवतात. ५जीमध्ये छोट्या वर्दीत साठ्यासाठी फक्त ५ बिट असतात. ५ बिटांत २ × २ × २ × २ × २ = ३२ पायऱ्या दाखवता येतात, तेवढ्यावर काम भागते.

परंतु साठा किती हे सांगितल्याने घाई किती हे कळत नाही. मोठे छायाचित्र दोन सेकंद थांबले तर बिघडत नाही, बोलण्याच्या इवल्याशा पाकिटाला मात्र थांबून चालत नाही. म्हणून साठ्याची वर्दी गटवार देता येते. ४जीमध्ये असे चार गट होते, ५जीमध्ये ते आठ झाले. २०२४ साली पूर्ण झालेल्या ५जीच्या अठराव्या आवृत्तीत फोनला आणखी एक गोष्ट कळवण्याची सोय झाली : पाकिटाची मुदत संपायला किती वेळ उरला आहे!

सरासरी फसवते

रोजच्या कामाचा हिशेब ठेवण्यासाठीही विलंब कळवावा लागतो. येथे एक सापळा आहे. १०० पाकिटांपैकी ९५ पाकिटांना २० मिलिसेकंद आणि ५ पाकिटांना ४०० मिलिसेकंद लागले असे समजा. सरासरी येईल (१,९०० + २,०००) ÷ १०० = ३९ मिलिसेकंद. ४जीमध्ये आवाजासाठी १०० मिलिसेकंदांची मर्यादा धरतात. अहवालात फक्त '३९' लिहिले तर सारे आलबेल वाटेल.

पण फार उशिरा आलेले आवाजाचे पाकीट निरुपयोगी म्हणून टाकून द्यावे लागते. अशी पाच पाकिटे लागोपाठ गेली की १०० मिलिसेकंदांचे बोलणे, म्हणजे जवळजवळ एखादे अक्षर, गळते. रुग्णवाहिका बोलावताना कोणी 'घर क्रमांक अठ्ठावीस' म्हणाले आणि शेवटचा भाग गळला, तर ऐकणाऱ्याने अठ्ठावीस समजावे की अठ्ठावन्न? म्हणूनच ४जीच्या तेराव्या आवृत्तीत, २०१६ साली, फोनने 'ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त थांबलेल्या पाकिटांचे प्रमाण' कळवावे अशी सोय केली गेली. आपल्या उदाहरणात हे प्रमाण ५ टक्के येते आणि दुखणे लगेच उघडे पडते.

यात आणखी एक सोय साधते. दोन ठिकाणची घड्याळे जुळली नसतील तर त्यांच्यातील फरक विलंबात मिसळतो. फोन मात्र पाकीट रांगेत आले केव्हा आणि सुटले केव्हा, हे दोन्ही एकाच घड्याळावर पाहतो. त्यामुळे आपल्या रांगेतील खोळंबा त्याला बिनचूक सांगता येतो.

तुम्ही करून पाहा

१. दहा पाकिटांना लागलेला वेळ मिलिसेकंदांत असा आहे : १२, १५, ११, १४, १३, २१०, १२, १६, १३, १४. सरासरी, मध्यक आणि १०० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागलेल्या पाकिटांचे प्रमाण काढा. सरासरीइतका वेळ प्रत्यक्षात किती पाकिटांना लागला?

२. क्षमता सेकंदाला ५०० पाकिटे असेल, तर विलंब २० मिलिसेकंद होण्यासाठी आवक किती हवी?

३. एस.टी.च्या तिकीट खिडकीपाशी अर्धा तास उभे राहून प्रत्येकजण किती मिनिटे रांगेत थांबला याची नोंद करा. तुम्हांला अहवाल द्यायचा असेल तर कोणता आकडा द्याल, आणि तोच का?

(उत्तरे : १. ३३, १३.५, १० टक्के, एकाही पाकिटाला नाही. २. सेकंदाला ४५०.)