"नुसते ओठ हलव"



शाळा सुरू झाल्या की चर्चच्या आवारातही मुलांची वर्दळ वाढते. रविवारी मिस्सानंतर संडे स्कूल, शनिवारी वेदीसेवकांचा सराव, संध्याकाळी बालगायनमंडळ आणि पाऊस उघडला की पटांगणात फुटबॉल. आपण मुलांना गेटवर सोडतो आणि निश्चिंत होतो. मूल चर्चमध्ये आहे, म्हणजे चांगल्या ठिकाणी आहे. घरी आल्यावर किती गाणी बसली, मॅच कोण जिंकले, एवढे विचारतो. पण त्या दीड-दोन तासांत मुलाच्या मनाचे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. आजचा अभ्यास त्याविषयी आहे.

सुरुवात माझ्याच चुकीने करतो. पंधराएक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात मी मुलांचे गायनमंडळ सांभाळत होतो. नाताळला आठवडा उरला होता. तिसऱ्या रांगेतल्या नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाचा सूर काही केल्या लागत नव्हता. आवाज मोठा आणि उत्साह त्याहून मोठा. दोनदा थांबवले. तिसऱ्यांदा वैतागून सगळ्यांसमोर म्हणालो, "तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस." मुले हसली. तोही हसला. नाताळच्या रात्री तो पांढरा शर्ट घालून रांगेत उभा राहिला आणि पूर्ण मिस्साभर नुसते ओठ हलवत राहिला. मी मनात म्हटले, गुणी पोरगा आहे, सांगितलेले ऐकतो.

जानेवारीपासून तो यायचा बंद झाला. दोन-तीन आठवडे गैरहजेरी मांडली आणि मग यादीतून नाव काढून टाकले. वर्षभराने बाजारात त्याची आई भेटली. तक्रार करायला आली नव्हती. बोलता बोलता सहज म्हणाली, "सर, पूर्वी हा आंघोळ करताना मोठमोठ्याने गायचा. आता गात नाही." त्याच आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो, त्याची माफी मागितली. "ठीक आहे सर," तो म्हणाला. मोठ्या माणसाने माफी मागितली की मुले दुसरे काय म्हणणार? तो पुन्हा मंडळात आला नाही.

त्या दिवशी तोही हसला, म्हणून त्याला लागले नाही असे मी धरून चाललो होतो. सगळे आपल्याला हसत असताना आपणही हसणे हा मुलाला गटात टिकून राहण्याचा एकच मार्ग दिसतो. रडणारे मूल आपल्याला दिसते, हसणारे निसटते.

मुलांच्या मंडळात मोठ्या माणसाच्या वागण्याने किती फरक पडतो, याचा एक जुना अभ्यास आहे. कर्ट लेविन हे ज्यू मानसशास्त्रज्ञ हिटलर सत्तेवर आल्यावर 1933 साली जर्मनी सोडून अमेरिकेत गेले. तेथे आयोवा विद्यापीठात त्यांनी रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या सहकाऱ्यांबरोबर दहाएक वर्षांच्या मुलांची छोटी मंडळे काढली. मंडळात पाच-पाच मुले. शाळा सुटल्यावर जमायचे, मुखवटे करायचे, रंगकाम, सुतारकाम करायचे. मुले तीच, पण काही आठवड्यांनी त्यांचा पुढारी आणि त्याची पद्धत बदलायची.

एक पुढारी सगळे स्वतः ठरवी. आज काय करायचे, कोणी कोणाबरोबर बसायचे, पुढची पायरी कोणती, सगळे हुकुमाने. दुसरा मुलांबरोबर बसून ठरवी, दोन-तीन मार्ग सुचवी आणि निवड त्यांच्यावर सोडी. तिसरा मुलांना साहित्य देऊन बाजूला उभा राही.

निष्कर्ष 1939 साली प्रसिद्ध झाले. हुकुमाच्या मंडळांत काही ठिकाणी मुले एकमेकांवर तुटून पडत, तर काही ठिकाणी अगदी गप्प असत. हे गप्प राहणे समाधानाचे नव्हते, कारण पुढारी बदलून सैल हाताचा आला की तीच मुले धिंगाणा घालू लागत. पुढारी मुद्दाम खोलीबाहेर गेला की हुकुमाच्या मंडळात काम खूपच कमी होई. बरोबर बसून ठरवणाऱ्याच्या मंडळात ते चालू राही. सुरुवातीच्या एका हुकुमाच्या मंडळात मुलांनी आपल्यातल्याच एकाला लक्ष्य केले. त्याने मंडळ सोडल्यावर दुसऱ्याला धरले, तोही गेला. वरून बसणारा मार मुले पुढाऱ्याला परत देऊ शकत नव्हती, म्हणून तो आपल्यातल्या दुबळ्याकडे वळवत होती.

मोकळे सोडणाऱ्यांनीही खूश होऊ नये. तिसऱ्या पद्धतीत काम कमी झाले आणि वाईटही झाले. शेवटी विचारले तेव्हा वीसपैकी एकोणीस मुलांनी हुकूम करणाऱ्यापेक्षा बरोबर बसणारा पुढारी आवडल्याचे सांगितले. मुले थोडी, बहुतेक मुलगेच आणि देश लांबचा, त्यामुळे यातून नियम काढायला मी धजणार नाही. पण ते वाचताना मला माझी तिसरी रांग आठवली. माझ्या सरावाला टाचणी पडली तरी ऐकू यायची आणि पालक त्याचे कौतुक करायचे.

आपल्याला हे नवे वाटायला नको. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात मुलांना दटावणारे शिष्य वाईट नव्हते, त्यांना फक्त शिस्त राखायची होती. प्रभू येशू रागावला तो मुलांवर नव्हे, त्यांच्यावर. आणि डॉन बॉस्कोंची गोष्ट तर आपल्यातल्या अनेकांनी ऐकली आहे. 8 डिसेंबर 1841 रोजी तुरीन शहरातल्या एका चर्चच्या सॅक्रिस्टीत बार्तोलोमेओ गारेल्ली नावाचा गरीब मुलगा शिरला. त्याला वेदीसेवा येत नाही हे कळताच सॅक्रिस्टनने त्याला मारून हाकलले. डॉन बॉस्कोंनी परत बोलावले, हा माझा मित्र आहे असे सांगितले. मग चौकशी केली. लिहिता-वाचता येत नव्हते, गाता येत नव्हते. तेव्हा त्यांनी विचारले, शीळ तरी घालता येते का? मुलगा हसला. सलेशियन संस्थांचे मोठे काम या भेटीपासून सुरू झाले, असे डॉन बॉस्को स्वतःच मानत. मुलाला काय येत नाही याची यादी संपल्यावरही ते विचारत राहिले.

आता आपल्या मंडळांकडे वळू. मूल बेसूर गाते तेव्हा अनेकदा दोष पट्टीचा असतो. आपण मोठ्यांच्या सोयीने स्केल लावतो. ती काही मुलांना फार खाली पडते, काहींना फार वर. काहींना गर्दीत स्वतःचा आवाजच ऐकू येत नाही. त्यांना सूर पक्का असलेल्या मुलाशेजारी उभे करावे, बाजूला घेऊन पाच मिनिटे एकच ओळ हळू म्हणून घ्यावी. बऱ्याच मुलांचे महिन्या-दोन महिन्यांत सुधारते. फुटबॉलमध्ये सतत राखीव बसणाऱ्या मुलाचेही असेच आहे. त्याला निदान दहा मिनिटे तरी खरोखर खेळवावे, मॅच हातची गेली तरी. (कोच मंडळी माझ्यावर रागावतील.) आणि गैरहजर मुलांची नावे पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणे कृपया बंद करावे. ते मुलाला वर्गात उभे करण्यासारखेच आहे. फोन करावा आणि "का आला नाहीस?" याऐवजी "बरा आहेस ना?" असे विचारावे.

पालकांनो, दर शनिवारीच पोट दुखत असेल तर औषधाआधी थोडे बोला. आवडीचे मंडळ अचानक नको झाले, झोप बिघडली, एखाद्या मोठ्या माणसाचे नाव काढताच मूल गप्प झाले, तर "चर्चला जायचे नाही म्हणजे काय!" असे म्हणून ढकलू नका.

येथे एक गंभीर गोष्ट स्पष्ट लिहितो. मुलाने कोणी नको तसा स्पर्श केल्याचे सांगितले तर शांतपणे ऐकावे, उलटतपासणी करू नये, "कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नये. पोक्सो कायदा 2012 नुसार असे कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. फादरांच्या किंवा सिस्टरांच्या कानावर घातले म्हणजे ते कर्तव्य संपत नाही, आणि संशय आपल्यातल्याच कोणावर असला तरी नियम बदलत नाही. मुलांसाठी 1098 हा क्रमांक मोफत आणि दिवसरात्र चालू असतो. मनाच्या इतर त्रासासाठी टेलिमानसचा 14416 आहे. आपल्या प्रत्येक सरावाला दोन मोठी माणसे हवीत आणि खोलीचे दार उघडे हवे. यात कोणावर अविश्वास नाही. चांगल्या कार्यकर्त्यालाही त्यामुळे मोकळेपणाने काम करता येते.

यंदा आमच्या गायनमंडळात एक छोटी मुलगी आहे, तिचा सूर हलतो. कोणीतरी सुचवले, तिच्या हातात खंजिरी द्या. मला ते जुन्या वाक्याचेच गोड रूप वाटले. सगळ्या मुलांना विचारून गाणे पांढरी एकवरून पांढरी तीनवर घेतले. आता दोन मोठ्या मुलांना ते चढे जाते, म्हणून त्यांनी स्वतःच दुसरे कडवे खालच्या सुरात म्हणायचे ठरवले आहे. अजून नीट बसलेले नाही. सराव शनिवारी संध्याकाळी पाच वाजता असतो. ज्या पालकांना वेळ आहे त्यांनी मुलांना गेटवर न सोडता आत यावे, मागचे बाक मोकळे असतात.