साडेतीन शक्तिपीठांची यात्रा : पूर्वतयारी आणि प्रवासातील दक्षता

दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत सहकुटुंब देवदर्शनास जाण्याची प्रथा महाराष्ट्रात घरोघरी आहे. कोल्हापूरची श्री महालक्ष्मी, तुळजापूरची श्री भवानी, माहूरची श्री रेणुका ही तीन पूर्ण पीठे आणि वणीची श्री सप्तशृंगी हे अर्धे पीठ, अशी साडेतीन शक्तिपीठांची यात्रा एकदा तरी घडावी, ही इच्छा घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात अनेक वर्षे असते. मात्र ही चार स्थाने राज्याच्या चार दिशांना आहेत. योजना न करता निघाल्यास प्रवासातच शक्ती खर्च होते आणि देवीसमोर उभे राहण्याच्या वेळी मन थकलेले असते. ज्यांच्यासाठी यात्रा काढली, ते आजी-आजोबाच पायऱ्यांखाली गाडीत बसून राहतात, असेही घडते. हे टळावे, या हेतूने पुढील माहिती भाविकांसमोर ठेवीत आहोत.

यात्रेचा काळ निवडणे

प्रथम तिथी पाहावी, नंतर सुट्टी पाहावी. शारदीय नवरात्रात चारही स्थानी अपार गर्दी असते. सप्तशृंगी गडावर रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत चैत्रोत्सव चालतो व खानदेशातून असंख्य भाविक पायी येतात. अशा उत्सवांच्या दिवसांत खासगी वाहने पायथ्याच्या नांदुरी गावी थांबवून एस.टी. बसने गडावर नेण्याची व्यवस्था केली जाते. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तुळजापूर येथे वर्षातून तीन वेळा देवीचा निद्राकाळ असतो : शारदीय नवरात्रापूर्वी, दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत आणि पौषातील शाकंभरी नवरात्रापूर्वी. या काळात मूर्ती सिंहासनावर नसून पलंगावर विसावलेली असते व नित्याचे अभिषेक होत नाहीत. सिंहासनारूढ दर्शनाची किंवा अभिषेकाची इच्छा असल्यास पंचांग पाहूनच दिवस ठरवावा.

जीर्णोद्धार वा संवर्धनाच्या कामामुळेही दर्शन बंद असू शकते. २०२२ साली श्री सप्तशृंगीच्या मूर्तीच्या संवर्धनासाठी जुलैच्या उत्तरार्धापासून नवरात्रापर्यंत मंदिरातील दर्शन बंद होते. म्हणून निघण्यापूर्वी आठ दिवस संबंधित देवस्थानाच्या कार्यालयात दूरध्वनी करून दर्शनाच्या वेळा विचारून घ्याव्यात.

गर्दीचा दिवस टाळण्यास सांगण्यामागे केवळ सोय नाही. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक भाविकांना प्राण गमवावे लागले. अरुंद वाट, निसरड्या पायऱ्या आणि एकाच वेळी लोटलेला जनसमुदाय एकत्र आले की माणसाच्या हाती काही राहत नाही. लहान मुले व वृद्ध सोबत असतील तर मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा व सलग सुट्टीचे दिवस टाळावेत. साध्या दिवशी घेतलेल्या दर्शनाचे पुण्य कमी होत नाही.

मार्ग व मुक्काम

चारही स्थाने चार दिवसांत उरकण्याचा आग्रह धरू नये. दिवसाचा प्रवास अडीचशे ते तीनशे किलोमीटरच्या आसपास ठेवावा व अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे. पुण्याहून निघणाऱ्या कुटुंबासाठी उदाहरणादाखल पुढील क्रम सोयीचा पडतो.

पहिला दिवस : पुणे ते कोल्हापूर, सुमारे २३० किलोमीटर. सायंकाळी विश्रांती.
दुसरा दिवस : पहाटे श्री महालक्ष्मीचे दर्शन, नंतर सोलापूर.
तिसरा दिवस : सोलापूरहून ४५ किलोमीटरवरील तुळजापूर. दर्शनानंतर लातूरमार्गे नांदेड.
चौथा दिवस : नांदेडहून माहूर, सुमारे १३० किलोमीटर. श्री रेणुकेचे दर्शन व तेथेच मुक्काम.
पाचवा दिवस : माहूर ते छत्रपती संभाजीनगर. हा टप्पा सर्वांत लांबचा असल्याने सकाळी लवकर निघावे.
सहावा दिवस : संभाजीनगरहून सप्तशृंगी गड. मुक्काम गडावर किंवा नाशिकला.
सातवा दिवस : दर्शन व परतीचा प्रवास.

याखेरीज आठवा दिवस राखीव ठेवावा. वाहन बिघडले, रांग लांबली किंवा कोणाची प्रकृती बिघडली तर तो उपयोगी पडतो. न लागल्यास घरी विश्रांतीसाठी मिळतो. कामावर रुजू होण्याच्या आदल्या रात्री घरी पोहोचण्याच्या घाईतच वाहने वेगाने हाकली जातात, हे विसरू नये.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी तुळजापूरकरिता सोलापूर, माहूरकरिता किनवट व गडाकरिता नाशिक रोड ही जवळची स्थानके आहेत. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. ज्येष्ठ नागरिकांसाठी खालच्या बर्थचा स्वतंत्र कोटा असतो. तो एका तिकिटावर एक किंवा दोनच ज्येष्ठ प्रवासी असताना लागू होतो. म्हणून आजी-आजोबांचे तिकीट वेगळे काढावे व उर्वरित कुटुंबाचे त्याच गाडीचे वेगळे काढावे.

एस.टी. बसने जाणाऱ्यांपैकी ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात विनामूल्य प्रवास व ६५ ते ७५ वयाच्या नागरिकांना निम्म्या भाड्याची सवलत आहे. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे पडते. वयाचा पुरावा म्हणून मूळ ओळखपत्र जवळ बाळगावे.

भाड्याच्या वाहनाने जाणार असल्यास किलोमीटरचा दर, चालकाचा भत्ता, टोल, वाहनतळाचे शुल्क व रात्रीचा मुक्काम यांविषयी आधीच लेखी ठरवून घ्यावे. वाहन पिवळ्या पाटीचे, म्हणजे प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेलेच घ्यावे. चालकाच्या झोपण्याची व जेवणाची व्यवस्था पाहणे हे यात्रेकरूंचे कर्तव्य आहे. त्याची झोप झाली नसेल तर सर्वांचे प्राण संकटात असतात.

भक्तनिवासाची खोली आरक्षित करताना देवस्थानाच्या अधिकृत कार्यालयाशीच संपर्क साधावा. भक्तनिवासाच्या नावाने खोटी संकेतस्थळे काढून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार होतात. व्यक्तीच्या खासगी खात्यावर पैसे मागितल्यास भरू नयेत. मंदिराबाहेर झटपट दर्शनाचे आमिष दाखविणाऱ्यांपासूनही सावध राहावे.

प्रकृतीची काळजी

माहूरला पायऱ्या चढाव्या लागतात, तुळजापूरला उतराव्या व परतताना चढाव्या लागतात, तर सप्तशृंगी गडावर सुमारे ५०० पायऱ्या आहेत. यात्रेपूर्वी महिनाभर रोज सकाळी अर्धा तास चालण्याचा व थोडे जिने चढण्याचा सराव ठेवावा. हृदयविकार, दमा किंवा गुडघेदुखी असणाऱ्यांनी वैद्यांचा सल्ला घेऊनच निघावे. सप्तशृंगी गडावर २०१८ पासून रज्जूच्या साहाय्याने चालणारी ट्रॉली उपलब्ध आहे. तिचा उपयोग करण्यात कोणताही कमीपणा मानू नये. चढताना छातीत दुखू लागल्यास, दरदरून घाम फुटल्यास किंवा धाप न थांबल्यास तेथेच बसावे व १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. "थोड्याच पायऱ्या उरल्या आहेत" असे म्हणून पुढे जाऊ नये.

नित्याची औषधे यात्रेच्या दिवसांपेक्षा चार दिवस अधिक पुरतील इतकी घ्यावीत व ती हातातील पिशवीतच ठेवावीत. इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये. मधुमेही भाविकांनी उपवास धरून तासन् तास रांगेत उभे राहू नये. औषध घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरते. खडीसाखर किंवा गूळ खिशात असावा. देवीला भक्ताचा भाव हवा असतो, त्याची मूर्च्छा नव्हे.

उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांचा त्रास झाल्यास क्षारसंजीवनी द्यावी. ती न मिळाल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावे. येथे चहाचा लहान चमचा समजावा. प्रवासात दर दोन तासांनी वाहन थांबवून पाय मोकळे करावेत.

ताटातूट होऊ नये म्हणून

गर्दीत मुलाचा हात सुटण्यास क्षण पुरतो. प्रत्येक मुलाच्या खिशात पालकांचे नाव व दोन भ्रमणध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. वृद्धांच्या चिठ्ठीत त्यांचे आजार व चालू औषधेही लिहावीत. भ्रमणध्वनीची विद्युतशक्ती संपते, रांगेत तो बाहेर ठेवावाही लागतो. म्हणून महत्त्वाचे क्रमांक कागदावर असावेत. मंदिरात शिरण्यापूर्वी "चुकलो तर येथे भेटायचे" अशी एक ठळक जागा सर्वांना दाखवावी. मुलांना सांगावे, की हरवल्यास एका जागी थांबावे व गणवेशातील पोलिसास किंवा देवस्थानाच्या सेवकास सांगावे. आपत्प्रसंगी ११२, बालकांच्या साहाय्यासाठी १०९८ व रेल्वे प्रवासात १३९ हे क्रमांक उपयोगी पडतात.

सामान व घर

सामान स्वतःला उचलता येईल इतकेच घ्यावे. मौल्यवान दागिने घरी किंवा बँकेत ठेवावेत. रोख रक्कम एकाच ठिकाणी न ठेवता कुटुंबातील दोन-तीन व्यक्तींकडे विभागून द्यावी. छत्री, टॉर्च, पाण्याची बाटली व कचऱ्यासाठी एक कापडी पिशवी अवश्य असावी. गडावर प्लास्टिक टाकून येणे म्हणजे देवीच्या अंगणात कचरा करणे होय.

घर सोडताना गॅसचा रेग्युलेटर व पाण्याचा मुख्य नळ बंद करावा, दूध व वृत्तपत्र थांबवावे, विश्वासू शेजाऱ्यांकडे मुक्कामांची यादी द्यावी. देव्हाऱ्यात तेवता दिवा ठेवून कुलूप लावू नये. निघताना दिवा शांत करावा.

निघण्याच्या आदल्या दिवशी सर्वांनी एकत्र बसून ही पाने एकदा मोठ्याने वाचावीत. घरातील सर्वांत मंद चालणाऱ्या व्यक्तीच्या पावलाने सगळ्यांनी चालावे, हा एकच नियम पाळला तरी निम्मी चिंता मिटते. ज्यांनी आपल्याला बोट धरून चालविले, त्यांचे बोट धरून त्यांना देवीपर्यंत नेणे, हीच या यात्रेची खरी पूजा आहे. आई जगदंबा आपणा सर्वांची यात्रा सुखरूप व सफल करो, ही प्रार्थना.