अडलेला प्लग

गेल्या उन्हाळ्यात आमचा पुतण्या भर दुपारी दारात येऊन उभा राहिला. तो मोताळ्याकडची वांगी आणि मिरची गाडीत भरून बुलढाण्याच्या बाजाराला नेतो. गाडी लहान आहे. पुढे दोन माणसांची जागा, मागे उघडा हौदा. ती पेट्रोलवर चालते.

"काका, राजूरच्या घाटात गाडी धक्के मारून राह्यली," तो म्हणाला. "मिस्त्री म्हणे, प्लग बदला. नवे आणले. पन जुना हालतच नाई. आता पान्याच्या दांड्यात पाईप घालतो न् जोर करतो."

"पाईप खाली ठेव," आम्ही म्हणालो. "आधी पाणी पी. इंजिन किती तापलं आहे ते तर बघ."

त्याला उद्या पहाटे माल न्यायचा होता. भाजी काही थांबत नाही. एक दिवस गेला की वांगी सुकतात आणि भाव पडतो. त्याची घाई खोटी नव्हती. पण प्लग घाईला दाद देत नाही.

प्लग करतो तरी काय? पेट्रोलची वाफ आणि हवा इंजिनच्या नळकांड्यात शिरते. त्याला सिलिंडर म्हणतात. खालून दट्ट्या वर येतो आणि ती वाफ दाबतो. त्याच क्षणी प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. वाफ पेटते, दट्ट्या जोराने खाली जातो आणि चाक फिरते. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर एकेका प्लगला मिनिटात निदान 1000 ठिणग्या पाडाव्या लागतात. बॅटरी असते 12 व्होल्टची. तेवढ्यात ठिणगी पडत नाही. कॉईल नावाची वस्तू त्याचे वीस हजारांवर व्होल्ट करते. म्हणून चावी बंद केल्याशिवाय प्लगच्या टोपीला हात लावू नये.

ही जोडणी जुनी आहे. जर्मनीत बॉशच्या कारखान्यात होनोल्ड नावाच्या इंजिनियरने 1902 साली ती चांगली बसवून दाखवली. आपल्याकडे बंगलोरला 1951 साली माईको कंपनी निघाली. जुने लोक अजून 'माईकोचा प्लग' म्हणतात. त्या कंपनीचे नाव 2008 पासून बॉश झाले.

एक गोष्ट आधी पाहा. तुमची गाडी डिझेलची असेल तर तिला हा प्लग नसतोच. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल होण्याजोगी होते आणि डिझेल आपोआप पेटते. आपल्या भागातल्या पुष्कळ पिकअप गाड्या डिझेलच्याच आहेत. तेव्हा गाडी धक्के मारते म्हणून प्लग शोधत बसू नका.

आता तो अडतो का? प्लगचे अंग लोखंडाचे असते. तो ज्यात बसतो ते इंजिनचे डोके, म्हणजे हेड, बहुधा ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम मऊ. प्लग वर्षानुवर्षे काढला नाही, तर खालच्या आट्यांत काजळी भरते आणि वरच्या बाजूला धूळ व ओल बसते. मग आटे एकमेकांना धरून बसतात. आपण जोर केला की लोखंड तुटत नाही, मऊ ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. आमच्याकडे एक मोटारसायकल होती. एकदा परीक्षेच्या दिवसांत ती शाळेच्या वाटेवर बंद पडली. इंजिन तापलेले होते. आम्ही मास्तर! मुलांना 'धीर धरा' म्हणून सांगणारे. पण पाना लावला आणि पायाने दाबला. प्लग निघाला, आणि त्याच्याबरोबर चांदीच्या तारेसारखे आट्यांचे वेटोळे निघाले. मिस्त्रीने भोक मोठे करून त्यात नवे आटे बसवले. तीन दिवस गाडी त्याच्या दुकानात राहिली, आणि आम्ही तीन दिवस पायी.

म्हणून पुतण्याला सांगितले, आज संध्याकाळपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. इंजिन पार गार होऊ दे. काही जण म्हणतात, गरम असताना ॲल्युमिनियम फुगते आणि प्लग सैल होतो. फुगते हे खरे. पण गरम ॲल्युमिनियम आणखी मऊ पडते आणि आटे लवकर फाटतात. आम्ही एकदा फसलो, आता गारच बरे.

दिवे लागायच्या वेळी त्याने सीट उचलले. इंजिन खालीच होते. त्याने चावी काढली, बॅटरीची उणी तार सोडली. मग प्लगवरची टोपी धरून सरळ वर ओढली. तार धरून ओढायची नसते. प्लगच्या खाचेत बोटभर धूळ होती. ती तशीच राहिली असती, तर प्लग निघताच सिलिंडरमध्ये पडली असती. आम्ही सायकलचा पंप आणला आणि डोळे आडवे करून ती उडवली.

नंतर गंज सोडवायच्या तेलाचे चार थेंब प्लगच्या मुळाशी सोडले आणि जेवायला बसलो. तासाभराने पाना लावला. पाना प्लगचाच हवा, आणि सरळ उभा बसायला हवा. तिरका झाला की वरची चिनीमाती तडकते. दोन्ही हातांनी सारखा जोर दिला. 'कट्' असा आवाज झाला. प्लग केसभर हलला.

पुतण्या लगेच फिरवू लागला. आम्ही हात धरला. "आता उलटा फिरव. परत घट्ट कर, थोडा." त्याला हे विचित्र वाटले. पण रीत हीच आहे. पाव फेरा सोडायचा, तेल टाकायचे, जरा मागे फिरवायचा, पुन्हा सोडायचा. त्याने आट्यांतली काजळी चुरा होऊन तेलात मिसळते. कर्रकर्र आवाज आला की थांबायचे, पुन्हा तेल टाकायचे आणि वाट पाहायची. पहिल्या प्लगला पाऊण तास लागला. दुसरा दहा मिनिटांत निघाला. पाऊण तासातही तो हलला नसता तर आम्ही मिस्त्रीला बोलावणार होतो. त्याची मजुरी नव्या हेडपेक्षा फार कमी असते.

भोकावर स्वच्छ फडके झाकले आणि दोन्ही प्लग दिव्याखाली धरले. एकाचे टोक फिकट तपकिरी होते. तो सिलिंडर निरोगी. दुसरा कोरड्या काळ्या काजळीने माखला होता आणि त्याची फट रुंदावली होती. धक्के त्याचेच. टोक तेलाने ओले दिसले तर इंजिन तेल खाते असे समजावे. पांढरे फटक दिसले तर ते जास्त तापते.

मग आम्ही नव्या प्लगची खोकी पुतण्यापुढे ठेवली. "वाच." अक्षरे आणि आकडे लहान होते. त्याने जुन्या प्लगवरचा आकडा मोठ्याने वाचला, मग नव्यावरचा. दोन्ही एकच निघाले. हे वाचणे चुकवू नका. एनजीकेच्या प्लगवर उष्णतेचा आकडा वाढला की प्लग थंड जातीचा असतो. बॉशच्या प्लगवर वाढला की गरम जातीचा. म्हणून एका कंपनीचा आकडा दुसरीला लावू नये. आणि लांबी जास्त असलेला प्लग दट्ट्यावर आदळू शकतो. टोकाची फट साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असते. नेमकी किती, ते गाडीच्या पुस्तकात छापलेले असते.

नवा प्लग आधी बोटांनीच बसवायचा. दोन-तीन फेरे बोटांनी गेला नाही, तर तो वाकडा आहे. काढून पुन्हा लावा. वायसर असलेला नवा प्लग हाताने टेकला की पान्याने अर्धा फेरा पुरे. वायसर नसेल तर पाव फेऱ्याचाही पाव. चकचकीत मुलामा दिलेल्या प्लगला ग्रीस लावू नये. ग्रीसने हाताला अंदाज येत नाही आणि प्लग जास्त आवळला जातो. पुढच्या खेपेला तोच अडून बसतो.

रात्री साडेदहाला त्याने चावी फिरवली. इंजिन एका सुरात बोलू लागले. जुना काळा प्लग तो खिशात घालून घेऊन गेला, मिस्त्रीला दाखवायला. पहाटे चारला हौद्यात मिरची भरून तो घाटाकडे निघाला.