लसूणघासाची वाळवण आणि ओलाव्याचे गणित

उन्हाळ्यात भासणारी वैरणीची टंचाई भरून काढण्यासाठी हिवाळ्यातील हिरवा चारा वाळवून ठेवणे, हा जुना उपाय होय. वाळवणीत ओलावा फार राहिला तर चारा बुरसतो, हे शेतकऱ्यास ठाऊक असते. परंतु ओलावा प्रमाणाबाहेर गेला तर काय होते, याकडे सहसा लक्ष जात नाही. लखनौसारख्या कोरड्या वसंताच्या प्रदेशात हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा ठरतो.

उत्तर भारतात लसूणघास ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरतात. पहिली कापणी सुमारे दोन महिन्यांनी, व पुढील कापण्या 25 ते 30 दिवसांच्या अंतराने होतात. मार्चअखेरीपासून लखनौकडे पश्चिमेचे कोरडे वारे सुटतात. मे महिन्यात त्यांचीच 'लू' होते. अशा हवेत चारा झपाट्याने वाळतो, आणि तेथेच घात होतो.

प्रथम थोडे गणित पाहू. ताज्या लसूणघासात सुमारे 80 टक्के पाणी असते. म्हणजे 1000 किलो हिरव्या चाऱ्यात शुष्क भाग केवळ 200 किलो. हा चारा 20 टक्के ओलाव्यावर आणला, तर त्याचे वजन 250 किलो भरते. 750 किलो पाणी हवेत जाते. परंतु हे पाणी सर्व भागांतून सारख्या गतीने जात नाही. पान पातळ असल्यामुळे लवकर वाळते. देठ जाड असल्यामुळे मागे राहतो. देठ वाळेपर्यंत पान इतके ठिसूळ होते की हात लागताच त्याचा चुरा होतो. चाऱ्यातील प्रथिनांचा मोठा वाटा पानांतच असतो. म्हणून पाने मातीत सांडली, तर गठ्ठ्यात उरतात ती मुख्यतः काटके. गाईचे पोट भरते, पण पोषण होत नाही.

यावर उपाय वेळेच्या निवडीत आहे. शेतात सुमारे दहावा हिस्सा झाडे फुलावर आली की कापणी करावी. कापलेला चारा प्रथम रुंद व पातळ पसरावा, म्हणजे आरंभीचे पाणी लवकर निघून जाते. ओलावा 40 टक्क्यांच्या आसपास असतानाच, पाने मऊ आहेत तोवर, चारा ओढून त्याच्या सैल ओळी कराव्यात. ओळीतील आतली पाने सावलीत राहतात व देठांना वाळण्यास अवधी मिळतो.

गठ्ठे बांधताना ओलावा सुमारे 15 ते 20 टक्के असावा. भर दुपारी हे काम करू नये. रात्री हवा थंड होते, तिची सापेक्ष आर्द्रता वाढते, आणि वाळलेली पाने त्या हवेतून ओलावा शोषून पुन्हा लवचीक होतात. दव पडले नाही, तरीही हे थोड्याफार प्रमाणात घडते. म्हणून पहाटेची वेळ उत्तम. मात्र देठातील रस आटलेला असला पाहिजे. नखाने खरवडता देठाची साल सुटून आली, तर तो अद्याप ओला समजावा. ओल्या देठांचे गठ्ठे रचल्यास सूक्ष्मजीवांच्या क्रियेने उष्णता साचते, बुरशी वाढते, आणि क्वचित गंजीस आपोआप आगही लागते.

गठ्ठे बांधलेले गवत जागा कमी व्यापते व दूर नेता येते. भारतातील लष्करी गोशाळा याच रूपाने छावण्यांना गवत पुरवीत असत. त्यांपैकी पहिली 1889 मध्ये अलाहाबादेस निघाली. 2021 मध्ये ही व्यवस्था बंद झाली.

करून पाहा : ओळीतील निरनिराळ्या ठिकाणचा चारा पाने व देठांसह घेऊन त्याचे बारीक तुकडे करा. त्यांतील 100 ग्रॅम तोलून घ्या व मंद आचेवर, न करपवता, वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. शेवटी 82 ग्रॅम उरले, तर ओलावा 18 टक्के होता. गठ्ठे बांधण्यास चारा योग्य. 92 ग्रॅम उरले, तर ओलावा अवघा 8 टक्के. अशा वेळी पहाटेपर्यंत थांबणे हेच शहाणपणाचे.