फिरत्या घराचा भार आणि टायरची निगा

राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले आणि खाट, शेगडी, न्हाणीघर यांसह प्रवासाला निघणे आपल्याकडेही शक्य झाले. मालमोटारीने माल उतरवला की तिच्या टायरांना उसंत मिळते. कॅराव्हॅन मात्र उभी असतानाही आपला संसार चाकांवर वाहत असते. हे वजन डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच ते अधिक धोक्याचे.

समजा, नोंदणी पुस्तिकेनुसार भरलेल्या वाहनाचे कमाल वजन ३,५०० किलो असून सर्व बांधणीसह रिकामे वाहन २,९०० किलोंचे आहे. उरले ६०० किलो. चालकासह सहा माणसांचे, सरासरी ६५ किलोंप्रमाणे, ३९० किलो झाले. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. शंभर लिटरची टाकी भरली की आणखी १०० किलो. आता गॅस, भांडी, शिधा, बिछाने आणि कपडे या सर्वांसाठी केवळ ११० किलो, म्हणजे माणशी जेमतेम अठरा किलो राहतात! उरलेसुरले सामान टपावर बांधण्याची आपली जुनी सवय येथे घातक ठरते. वजन तेवढेच राहते, शिवाय घाटाच्या वळणावर वाहन कलंडण्याची भीती वाढते.

यासाठी निघण्यापूर्वी माणसे व सामानासह वाहन वजनकाट्यावर न्यावे. पुढील व मागील चाकांचे वजन वेगवेगळे घ्यावे आणि सोय असल्यास डाव्या-उजव्या बाजूंचेही. टाकी आणि कपाटे एकाच अंगास असली, तर एकूण वजन मर्यादेत राहूनही एखाद्या टायरवर अतिभार पडतो. टायरच्या बाजूवर त्याचा कमाल भार व त्यासाठी लागणारा हवेचा दाब कोरलेला असतो. उत्पादकाच्या तक्त्यात पाहून, अधिक भाराच्या चाकास लागेल तेवढीच हवा त्या आसावरील सर्व टायरांत भरावी.

हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, त्याची बाजू वाकते, रबर तापते, आतील थर सुटू लागतात आणि अखेर तो फुटतो. दाब सकाळी, टायर थंड असतानाच मोजावा. धावल्यावर तो वाढतो. ते पाहून हवा सोडणे चुकीचे होय. मागे जोडचाके असल्यास आतील टायर तपासण्याचा कंटाळा केला जातो. परंतु तो बसला की त्याचा भार शेजारच्यावर येतो.

कॅराव्हॅन महिनोन्महिने उभी राहत असल्याने टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर वाळून त्यास भेगा पडतात. बाजूवरील चार आकडे टायरचे वय सांगतात: ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. दहा वर्षे झालेला टायर कितीही नवा दिसला तरी बदलावा, मग ती एकदाही न वापरलेली स्टेपनी का असेना.